कडुलिंबाची शाळा

॥ श्री ॥

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहाला नीलेशरावांचा फोन. मी कपडे वाळत घालत होते. जावई माणूस, चाळिशीही गाठली नाही, दोन महिन्यांत आवाज म्हाताऱ्यासारखा झालाय. मुलं सध्या इथं तलासरीत आमच्याकडे, त्यांची चौकशी झाली. मग म्हणाले, "आई, एक विचारू? ती शेवटची शाळा बघून आली त्या दिवशी पल्लवी तुमच्याशी काही बोलली होती का? मी साइटवर होतो, तिथं फोन लागत नाही. तिच्या मनात कुठली शाळा होती एवढंच कळलं तरी मी डोळे मिटून मुलांची नावं तिथं घालीन."

मी म्हटलं, नाही हो. काही नाही बोलली.

वहीत तरी खोटं नको. बोलली होती. मस्कतहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लागत नाही म्हणून ती आपलं बोलून पाठवायची, तसंच. फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी दुपारी तिचा निरोप आला. शनिवारी माझी लेक गेली. डोक्यातली नस फुटली म्हणाले.

रामनामाची वही घेऊन बसले. पान पुरं झालं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

नीलेशरावांनी (पुढं नुसतं नी. लिहीन) शाळांची पत्रकं मोबाइलवर पाठवली. नात अन्वीनं वाचून दाखवली. नऊ वर्षांची आहे, फाडफाड वाचते. ह्यांनी चष्मा लावला आणि नुसतीच मान हलवत बसले. सोहार गावातून मस्कतला बदली झाली म्हणून जुनी शाळा सुटली, आणि पल्लवी नवी शोधत होती. तिनं तीन बघितल्या.

पहिली आपल्या भारतीय मुलांची. जागाच नाही. म्हणजे गेली.

दुसरी खूप मोठी, इंग्रजांची. पोहायचा तलाव, घोडेसुद्धा. मुलांनी आठवडाभर तिथंच राहायचं, शुक्रवार-शनिवार घरी.

तिसरी लहान, बैठी. अंगणात कडुलिंब. फोटोत नाना देशांची मुलं त्याच्याखाली डबा खाताहेत. दुपारी दोनला सुटते.

नी. म्हणतात, दुसरीत घातलं तर साइटची नोकरी चालू राहील, मुलं हॉस्टेलात. तिसरीत घालायचं तर साइट सोडून ऑफिसात बसायला हवं, पगार कमी. नाहीतर मुलांना तुमच्याकडेच ठेवायचं. त्यांच्या घरी कोण आहे? एकटे वडील, तेही नाशिकला मोठ्या भावाच्या दारात. "ती असती तर एका मिनिटात सांगितलं असतं, आई."

तिसरीच्या फोटोवर अन्वीचं बोट थांबलं. पुढचं चित्र सरकवायला तिनं वेळ लावला. मी विचारलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

महालक्ष्मीच्या यात्रेला जाऊन आलो. मी, शेजारच्या जसुबेन आणि दोन्ही मुलं. ह्यांचे गुडघे आणि इन्सुलिन, ते घरीच. ऊन फार. ओम पाच वर्षांचा, निम्मा रस्ता मलाच उचलावा लागला.

ओमनं विचारलं, "आजी, देवी कुठल्या शाळेत होती?"

जसुबेन म्हणाल्या, "तिला कोण शिकवणार, दीकरा? ती तर बसून सगळ्यांची परीक्षा घेते!"

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. लगेच अपराधी वाटलं.

ओटी भरली. आई, ही दोन पोरं माझ्या ओटीत राहू दे, म्हटलं. पुढचं म्हणता येईना. नवस बोलताना तिच्याकडे बघायचं असतं, मी नारळाकडे बघत होते.

बाहेर आल्यावर जसुबेन म्हणतात, "काय मागितलं, सुधाबेन?" सगळ्यांचं बरं होऊ दे, म्हटलं. दुसरं खोटं.

१९ एप्रिल, शनिवार

अन्वीचं वागणं बघून जीव भरून येतो. दप्तर तिकडून आणलेलं, त्यात हिरवी नवीकोरी पेन्सिल आहे, टोकसुद्धा काढलेलं नाही. आणि लिहिते कशानं, तर पेरभर उरलेल्या तुकड्यानं. चिमटीत नीट धरवत नाही तरी तोच वापरते. ह्यांना म्हटलं, बघा, माझ्यावर गेली, काटकसरी.

हे म्हणाले, "लहान पोर काटकसर करतंय यात कौतुक कसलं?"

दुपारी नी. चा फोन. पल्लवीचं सामान अजून तसंच आहे म्हणाले. तिचा मोबाइल कपाटात बंद करून ठेवलाय. "उघडायची हिंमत होत नाही. एकदा हातात घेतला, परत ठेवला."

 तो निरोप तिच्या मोबाइलवर असणारच.

२४ एप्रिल, गुरुवार. एकादशी

डहाणूला दादाकडे गेले, अन्वीला घेऊन. तिथली इंग्रजी शाळा बघून आलो. बाई बऱ्या वाटल्या. मैदान आहे. संगणकाची खोली कुलूपबंद होती, चावी शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला. अन्वीनं सगळीकडे मान तुकवून नमस्कार केला. तिला काही विचारलं की आधी माझ्याकडे बघते, मग बोलते.

तलासरीहून एवढ्या लहान मुलांना रोजचं जाणंयेणं झेपणार नाही. ह्यांना सोडून मला डहाणूत राहता येणार नाही. दादा म्हणाला, "त्यात काय अवघड? पल्लवी राहिलीच होती ना पाचवीपासून दहावीपर्यंत? तशीच ही दोघं राहतील. सोमवार ते शनिवार इथं, रविवारी तुझ्याकडे. बाग आहे, चिकू आहेत, पोरं खुशीत राहतील."

वहिनीनं मागची खोली दाखवली. खाट तीच. खिडकीच्या चौकटीवर ब्लेडनं कोरलेल्या बारीक बारीक रेघा, रंग दिला तरी दिसतात. वहिनी म्हणाली, "पल्लूच्याच आहेत त्या. काय मोजायची कोण जाणे. पण पोर गुणाची हो, वन्सं. दर रविवारी दुपारी न चुकता देवळात जायची. एवढ्या उन्हात! कधी चार वाजता परत यायची, कधी पाच. मी म्हणायची, आईसारखी भाविक झाली."

मी उठून न्हाणीघरात गेले. नळ सोडून उभी राहिले.

परत येताना एसटी स्टँडवर अन्वीला भूक लागली. दोन ताडगोळे घेऊन दिले. बाकावर बसून खात होती. कुठल्या बाकावर बसत असेल ती, असं मनात आलं आणि सगळे बाक बघत बसले.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज लिहून टाकते. कुणाला दाखवायचं आहे?

पल्लवीचा निरोप असा होता. शब्द न् शब्द पाठ आहे, एकदाच ऐकला तरी.

"आई, तिसरी शाळा बघून निघालो. हीच. मला आवडली. मध्ये केवढा मोठा कडुलिंब आहे. अन्वी तर एका तासात वर्गात जाऊन बसली पण. दोनला सुटते, पोरं घरी येतात, तेच मला हवं आहे. आई, तुला कधी बोलले नाही, बोलणार पण नव्हते. मामाकडे मला कुणी काही कमी केलं नाही. पण दर रविवारी मी देवळात जाते सांगून स्टँडवर जाऊन बसायचे. तलासरीची गाडी आली की उतरणारी माणसं बघायचे. तू नसायचीस. मग पुढच्या गाडीपर्यंत थांबायचे. सहा वर्षं, आई. तू वाईट केलंस असं नाही म्हणत. पण माझी पोरं कुणाच्या घरी ठेवायची नाहीत. अगदी तुझ्याही नाही. काही झालं तरी. चल ठेवते, अन्वीला भूक लागलीये."

मी निवडुंगावर हात पडल्यासारखा मोबाइल खाली ठेवला. केवढा राग आला मला. तुझ्यासाठीच केलं ना गं सगळं? तेव्हा तलासरीत काय होतं? आपल्या दुकानात मीठ-मिरची तोलत राहिली असतीस. इंजिनिअर नवरा, परदेश, मोटार, कशामुळं? मनात असं सगळं तिला बोलले आणि निरोप पुसून टाकला. ह्यांना सांगितलं, मोबाइल भरलाय.

तिला उत्तर लिहिलं, "जेवलीस का?"

तिनं लिहिलं, "हो."

ते शेवटचं.

२७ एप्रिल, रविवार

मी लग्नापासूनच्या हिशेबाच्या वह्या ठेवल्यात, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत. पल्लवी डहाणूला होती त्या सहा वर्षांच्या काढल्या. उधई लागली आहे, पण वाचता येतं. "डहाणू जा-ये" अशी नोंद महिन्यातून एकदाच. एका वर्षी नऊ वेळाच आहे. दर रविवारी जाणं परवडलं नसतं असं नाही. आता पानं बघितली तर परवडलं असतं. त्याच पानावर देवीला चांदीचे डोळे वाहिल्याची नोंद आहे.

ती मागं लागायची नाही. गेले की पायाला मिठी मारायची, निघाले की दारात उभी राहायची. रडली नाही कधी. मी दादाला सांगायची, शहाणी आहे, समजूतदार आहे.

पेटी परत वर ठेवली. हे खालून म्हणाले, "काय शोधत होतीस?"

काही नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

नी. चा निर्णय झाला. मुलं आमच्याकडेच. "हॉस्टेलात टाकवत नाही, आई. आणि मी एकटा घर कसं चालवू? तुम्ही पल्लवीला घडवलंत. ह्यांनाही घडवाल." जूनमध्ये येऊन कागद करतील. तिसऱ्या शाळेनं तोवर दोन जागा धरून ठेवल्यात, त्यांना नको म्हणून कळवतील.

मला हवं ते मिळालं.

मुलांसाठी आमरस केला. यंदा सण करायचा नाही, पण मुलांना काय. ओमनं तीन वाट्या खाल्ल्या, नाकाला, कानाला रस. अन्वीनं विचारलं, "आजी, मग आपण डहाणूच्या शाळेत जायचं?" हो, म्हटलं. "आणि मामाआजोबांकडे राहायचं?" सोमवार ते शनिवारच, म्हटलं. "आणि तू?"

मी न्यायला येत जाईन ना, दर रविवारी. नक्की.

तिनं वाटी धुवून पालथी घातली. शहाणी आहे.

हा शब्द लिहिला आणि हात थांबला.

६ मे, मंगळवार

डहाणूच्या शाळेत दोघांची नावं घातली. पावती आली. गणवेशाचं कापड घेतलं, निळ्या चौकड्यांचं. शिंप्यानं मापं घेताना अन्वीला विचारलं, "बेटा, थोडं वाढतं ठेवू?" ती म्हणाली, "नको. मी इथं जास्त दिवस नसेन कदाचित."

मी म्हटलं, पोर अजून धक्क्यात आहे, वाढतंच ठेवा.

१२ मे, सोमवार

आज माझ्या हातून काय झालं कळत नाही. ओमला अक्षरं गिरवायची होती. अन्वीच्या दप्तरात ती हिरवी पेन्सिल पडून होती, महिनाभर कुणी हात लावला नाही, म्हटलं वाया कशाला. टोक काढून ओमला दिली. त्यानं पानभर अ काढले.

अन्वी शेजाऱ्यांकडून आली, पेन्सिल बघितली. ओरडली नाही. हातातून काढून घेतली. टरफलं केराच्या सुपलीत होती ती वेचली, फ्रॉकच्या ओच्यात घेतली, आणि मागच्या दारी जाऊन बसली. एवढी रडली की उचकी लागली. आईच्या वेळी अशी रडली नव्हती. मी पाणी नेलं, तर माझा हात बाजूला केला. पहिल्यांदा.

ओम म्हणतो, "ताई वेडी आहे. पेन्सिल अजून आहे ना."

१३ मे, मंगळवार

सकाळी वेणी घालताना आपणच बोलली. पाठमोरी होती म्हणून बोलता आलं असेल.

"आजी, ती पेन्सिल माझी नाहीये. त्या झाडाच्या शाळेतल्या टीचरची आहे. मी वर्गात बसले होते ना, तेव्हा तिनं दिली. म्हणाली, आता घेऊन जा, आणि शाळा सुरू होईल त्या दिवशी मला परत दे, म्हणजे तू येणार हे मला कळेल. नवीच परत द्यायची होती."

माझे हात केसांतच राहिले. तुला ती शाळा आवडली होती का गं, विचारलं.

"मम्माला आवडली होती." मग जरा थांबून, "तुला माहीत आहे ना. मम्मानं तुला गाडीतून सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. मलाच भूक लागली होती."

सगळं ऐकलं होतं तिनं. स्टँड, रविवार, अगदी तुझ्याही नाही. सगळं.

मी विचारलं, पप्पांना का नाही सांगितलंस?

"तू सांगशील असं वाटलं. मग तू नाही म्हणालीस. मी कपडे देत होते ना तुला, तेव्हा ऐकलं. मग मी कशी सांगणार? तू खोटं बोललीस असं झालं असतं."

रिबीन बांधली. वाकडी झाली. तिनं सोडून परत बांधायला सांगितली नाही.

१४ मे, बुधवार

ह्यांना सगळं सांगितलं. बाजेवर पडून ऐकलं, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मला माहीत होतं तिचं स्टँडवरचं."

कसं?

"दुकानाचा माल आणायला डहाणूला जायचो, एकदा दिसली. बाकावर. मला बघून उठून पळत आली, मग माझ्या मागं बघायला लागली, तू आहेस का. तुला नको सांगू म्हणाली. आई परत घेऊन जाईल आणि मग शाळा सुटेल, आई रडेल, म्हणाली."

बारा वर्षांची असेल तेव्हा. आणि ही नऊची. दोघी मला सांभाळत बसल्या.

मी विचारलं, मग तुम्ही मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तुला कुठं काही ऐकायचं होतं."

इन्सुलिन द्यायची वेळ झाली म्हणून उठले.

२३ मे, शुक्रवार. एकादशी

नऊ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच आहे आणि ते करवत नाही.

दर वेळी फोन वाजला की ठरवते आता सांगू. नी. "आई, तुमचे उपकार" असं सुरू करतात आणि मी मुलांच्या जेवणाखाण्याचं सांगत बसते. सांगितलं तर मुलं जातील. कळलं तर हे घर पुन्हा दोन माणसांचं. ओमच्या चपला दारात उलट्यासुलट्या पडलेल्या असतात, रोज ओरडते त्याला. त्या नसतील.

आणि काय म्हणतील ते? बायकोचा शेवटचा शब्द सासूनं पुसून टाकला.

देवापुढं चिठ्ठ्या टाकायचं मनात आलं. सांगू, न सांगू. दोन चिठ्ठ्या लिहिल्यासुद्धा. अन्वी बघत होती. म्हणाली, "आजी, उत्तर माहीत असलं तरी चिठ्ठी टाकतात का?"

चुलीत टाकल्या.

२९ मे, गुरुवार

डहाणूच्या शिंप्याकडून गणवेश आले. ओम घालून घरभर नाचला. जसुबेन बघायला आल्या. "अरे वा, साहेब! कुठे ड्युटी?" ओम म्हणाला, "डहाणू!" त्यांनी त्याच्या खिशात दहाची नोट घातली. अन्वीनं घालून बघितला आणि घडी करून ठेवला, पुन्हा कागदात. दुकानात परत करायचा असल्यासारखा.

आजही त्या पेरभर तुकड्यानंच लिहिते आहे. आता तर तो धरताच येत नाही.

२ जून, सोमवार

नी. चा फोन. झाडाच्या शाळेनं शेवटचं विचारलं आहे. गुरुवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही, मग जागा दुसऱ्यांना. "मी नको असंच कळवणार आहे, आई. तुम्हाला फक्त सांगून ठेवलं."

बरं, म्हटलं. फोन ठेवला.

तांदूळ निवडत बसले. निवडलेले तांदूळ परत निवडले.

३ जून, मंगळवार

सांगितलं.

मीच फोन लावला. दुकानाच्या पायरीवर बसून, म्हणजे घरात कुणी ऐकायला नको. रस्त्यावर ट्रकचे आवाज. ते साइटवर होते, आज कसं कोण जाणे, लागला फोन. मी म्हटलं, नीलेशराव, पल्लवीचा मोबाइल उघडा. तिनं मला शेवटचा निरोप पाठवला होता, तो ऐका. माझ्याकडचा मी पुसला. मी तुमच्याशी खोटं बोलले. शाळा तिनं ठरवली होती.

 

पुढं म्हटलं, त्यात माझ्याबद्दल पण आहे. ते खरं आहे. ते ऐकून मग काय ते ठरवा. मला विचारू नका.

"तिचा मोबाइल घरी आहे, आई. मी उद्या संध्याकाळी पोचतो. आकडा माहीत नाही उघडायचा."

अन्वी मागं उभी होती. कधी आली कळलं नाही. वाकून मोबाइलशी तोंड आणून म्हणाली, "ओमचा बर्थडे आहे, पप्पा. आधी दिवस, मग महिना."

नी. म्हणाले, "बरं, पिल्लू." मग खूप वेळानं, "बरं, आई."

आई म्हणाले. अजून म्हणाले.

४ जून, बुधवार

दिवसभर काही नाही. संध्याकाळी पोचले असतील. फोन नाही. दिवा लावला, मुलांनी शुभंकरोती म्हटलं, ओम शेवटची ओळ खातो नेहमीसारखी.

हे म्हणाले, "चांगलं केलंस." मी म्हटलं, कुणास ठाऊक. डहाणूचे भरलेले पैसे परत मिळत नाहीत, पावतीवरच लिहिलं आहे. ते बघून मला काहीच वाटलं नाही, एवढं मात्र खरं.

५ जून, गुरुवार

तिकडचे बारा म्हणजे आपले दीड.

सकाळी अकराला मोबाइल वाजला. फोन नव्हता. नी. नी पल्लवीचा निरोप मला पाठवला आहे. एक मिनिट वीस सेकंद. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. ना हो, ना नको. रागावलेत, रडलेत, काही कळत नाही.

ऐकलेला नाही अजून. बोट नेते आणि मागं घेते. अन्वी म्हणाली, "आधी पप्पांचा फोन येऊ दे, मग दोघी ऐकू." ओम विचारत होता, मोबाइलमध्ये काय आहे. मम्मा आहे, असं तिनं त्याला सांगितलं नाही. शाळेचं काम आहे, म्हणाली.

आता एक वाजून दहा मिनिटं. वरण उतरवलं. भात झाला आहे. कुणी बसलं नाही.

अन्वी मागच्या पायरीवर बसली आहे, ती हिरवी पेन्सिल घेऊन. टोक मोडलं आहे आणि दगडावर घासते आहे, सपाट व्हावं, नव्यासारखं दिसावं म्हणून. मधेच फुंकर मारते, डोळ्याजवळ धरून बघते, परत घासते. हिरवी भुकटी फ्रॉकवर पडली आहे.

"थोडी आखूड झाली, आजी. चालेल का टीचरला?"

चालेल, म्हटलं.

दीडला पाच कमी. अजून फोन नाही.